बाराव्या दिवसाचा साफा

आमच्या घरी कुणी 'थीम' हा शब्द काढला की माझं डोकं फिरतं. वाढदिवसाला थीम, डोहाळजेवणाला थीम, हळदीकुंकवालासुद्धा थीम! नवरा म्हणतो, किती वर्षं धरून बसणार आहेस? बसणार. मी नागपूरची आहे, तापले की लवकर निवत नाही, आणि हे प्रकरण निवावं असं मला वाटतही नाही.

तेव्हा आम्ही अमेरिकेत बॉथेलला राहायचो. भिंतीला भिंत लागलेली टाउनहाउसं आणि सदानकदा भुरभुरणारा पाऊस. शेजारी राजस्थानातल्या बाडमेरकडच्या खेड्यातला एक जण राहायचा, बायको आणि तान्ही मुलगी घेऊन. इंजिनिअरिंग पुण्यात केलेलं, त्यामुळे मराठी झकास, आणि मला वहिनी म्हणायचा. तो आणि माझा नवरा एकाच टीममध्ये. त्या दोघांचा मॅनेजर हाच आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. केस पिकलेले म्हणून सगळे त्यांना काका म्हणायचे. मीही म्हणायचे, काय करता!

रविवारी शेजारी गावाकडे वडिलांशी फोनच्या स्पीकरवर बोलायचा. म्हाताऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, पाऊस झाला का? हा ओरडून सांगायचा, बापूजी, रोज पडतोय. मग म्हातारा म्हणायचा, थोडा इकडे पाठव की. दर रविवारी तोच विनोद आणि तेच हसणं. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि मीही माझ्या ओट्याशी हसायचे.

एका डिसेंबरात आम्ही भारतात गेलो तेव्हा तोही गावी होता. नवऱ्यानं आधी जैसलमेरजवळचा टेंटचा कॅम्प बुक केला होता. टेंट कसला, गालिचे काय, गरम पाण्याचा शॉवर काय! संध्याकाळी शेकोटीभोवती मुंबईचे, दिल्लीचे पाहुणे सिनेमाच्या गाण्यांवर नाचत होते आणि एक म्हातारा गवय्या डोळे मिटून आपलं आपलं गात होता. त्याचं कुणी ऐकत नव्हतं. वाळवंट बघायला आलोय की एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये, हेच मला कळेना. सकाळी शेजारी जीप घेऊन न्यायला आला तेव्हा मी चहासुद्धा न पिता बॅग उचलली.

त्याचं घर म्हणजे गोल झोपड्या, मधे शेणानं सारवलेलं अंगण, कडेला खेजडीचं झाड. अंगणात जमिनीखाली पावसाच्या पाण्याचं टाकं, वर झाकण आणि झाकणाला कुलूप. दागिन्यांना नसेल एवढी त्या पाण्याला राखण. आम्ही खाटेवर टेकलो. पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय बोलणं नाही, अशी तिथली रीत. आधी धाकट्या भावाची बायको तोंडावर पदर ओढून पितळी लोटा घेऊन आली. माझ्या हातात पाणी दिलं, नवऱ्याला दिलं. शेजाऱ्यानंही हात पुढे केला, तर तिनं लोटा सरळ पुढे नेला. सगळे हसायला लागले.

"तू कसला पाहुणा?" म्हातारा म्हणाला. "पाहुण्याला हातात पाणी. घरच्या माणसाला माठ आहे, ऊठ."

हा उठला, कोपऱ्यातल्या माठातून स्वतः घेऊन गटागटा प्यायला. वर्षभरानं आलेला मुलगा, पण चेहऱ्यावर असा आनंद की जणू सुवर्णपदक मिळालं.

दुपारी बाजरीचे जाड सोगरे, म्हणजे भाकऱ्याच, खेजडीच्या शेंगांची केर-सांगरीची भाजी आणि वरून तुपाची धार. जेवण झाल्यावर म्हाताऱ्यानं माझ्या नवऱ्याला समोर बसवलं आणि त्याच्या डोक्याला साफा बांधला. आपल्याकडे फेटा म्हणतात, तसाच, पण लांबच लांब. हातानं घड्या घालता घालता तो सांगत होता, विहिरीवर दोर कमी पडला तर हाच जोडायचा, रानात झोपायची वेळ आली तर हीच उशी. नवरा आमचा पुण्याचा, त्याला लगेच फोटोची घाई. म्हातारा म्हणाला, काढ, काढ, हा हौसेचाच साफा आहे. मग त्यानं थोरल्या मुलाच्या, म्हणजे आमच्या शेजाऱ्याच्या डोक्यावर एक टपली मारली.

"याच्या नशिबात दुसराही आहे. मी गेलो की बाराव्या दिवशी गाव जमेल, याचे सासरे रंगीत साफा घेऊन येतील आणि सगळ्यांसमोर याच्या डोक्याला बांधतील. तो आपल्या हातानं बांधायचा नसतो. तिथून पुढं या घरात शब्द याचा."

"बापूजी, काय हे पाहुण्यांसमोर," शेजारी लाजला.

"आणि एक," म्हातारा नवऱ्याकडे बोट करून म्हणाला, "कुणाच्याही डोक्यावरचा साफा आपण उतरवायचा नाही. वैऱ्याचा असला तरी नाही."

धाकटा भाऊ दाराला टेकून हे ऐकत होता आणि हसत होता. कुणाच्या मनात काही नव्हतं. सगळं ठरलेलं होतं, पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी एका सकाळी शेजारी आमच्या दारात उभा राहिला. पायांत चपला नाहीत, मोजे पावसानं चिंब. वडील झोपेतच गेले होते. मी त्याला धरून आत बसवलं, तर तो पहिलं वाक्य काय बोलला, "वहिनी, अग्नी धाकटा देईल, तिथं काही मी पोचत नाही. पण बाराव्याला पोचलं पाहिजे."

पोचता आलंही असतं. दिवस हातात होते. अडचण एकच, डिसेंबरात गावाहून परतल्यावर त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपला होता. इथं राहून काम करायला तो चालत होता, पण भारतात गेलं की परत येण्याआधी तिथं नवा शिक्का घ्यायचा, आणि तो कधी आठवड्यात मिळे, कधी महिना महिना लटकवून ठेवत. त्यात ऑफिसात प्रोजेक्ट गो-लाइव्हला, म्हणजे प्रत्यक्ष सुरू व्हायला आलेलं. तो काकांच्या केबिनमध्ये गेला. माझा नवराही तिथंच होता, त्यानंच मला घरी येऊन सांगितलं. काका म्हणाले, "जा ना, वडील आहेत शेवटी. मी अडवणारा कोण? फक्त स्टॅम्पिंगला अडकलास तर मला तुझ्या जागी दुसरा माणूस घ्यावा लागेल, एवढं लक्षात ठेव."

एवढं लक्षात ठेव! नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर, गाडी, बायको, तान्हं मूल, सगळं उचलून चालू पडायचं. हे त्या केबिनमधल्या तिघांनाही पाठ होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि तू काय बोललास?" मी नवऱ्याला विचारलं.

"मी काय बोलणार? माझंही ग्रीन कार्ड त्यांच्याच हातात आहे."

 मग मीच काकांना फोन लावला. म्हटलं, काका, थोरला मुलगा आहे तो, बाराव्या दिवशी त्याच्याशिवाय चालत नाही, तुम्ही फक्त म्हणा की जागा ठेवतो. तर गोड आवाजात म्हणतात कसे, "अगं, मी कुठं नाही म्हणालोय? त्याचा डिसिजन आहे. आणि भाऊ आहे ना तिकडे? करेल की तो. आपण आता इतकं कर्मकांड धरून बसू नये." दर गणपतीला सोवळं नेसून, घंटा वाजवून फोटो काढून घेणारा माणूस हे मला सांगत होता! मी फोन आपटला. कॉर्डलेस होता मेला, नीट आपटताही आला नाही.

ऑफिसनं मात्र एक कार्ड पाठवलं. पांढरी फुलं छापलेलं, आत सगळ्या टीमच्या सह्या. काकांची सही सगळ्यात मोठी.

शेजारी गेला नाही. मुलीला मांडीवर घेऊन तो सोफ्यावर बसलेला मला खिडकीतून दिसायचा. बारावा दिवस उजाडला तो तिकडची सकाळ म्हणजे इकडची संध्याकाळ, आणि तेव्हा हा ऑफिसात अडकलेला. घरच्या एका पोरानं फोन चालू करून गर्दीत धरला होता. ढोल, बायकांचे आवाज, सासऱ्यांचा आवाज, मग गावातल्या कुणीतरी मोठ्यानं धाकट्या भावाचं नाव घेतलं. हा ते सगळं ऑफिसच्या जिन्यात उभं राहून ऐकत होता. माझा नवरा तिथून चालला होता. तो म्हणाला, मला बघून त्यानं फोनवर हात ठेवला आणि विचारलं, मीटिंग सुरू झाली का?

आणि त्याच शनिवारी मंडळाचा कार्यक्रम. थीम काय, तर राजस्थान!

ते फार आधी ठरलेलं होतं. आमचे टेंटचे फोटो पाहूनच कमिटीला ती कल्पना सुचली होती, आणि साफे बांधायला घरचाच राजस्थानी माणूस आहे म्हणून सगळे खूश होते. मला वाटलं, आता तरी त्याला कुणी बोलावणार नाही. काकांनी स्वतः फोन केला. "ये रे, चार माणसांत मन रमेल तुझं." मी त्याला म्हटलं, जाऊ नको, सरळ नाही म्हण. तो म्हणाला, "वहिनी, सोमवारी परत त्यांच्याच समोर बसायचंय."

शाळेचा जिम भाड्यानं घेतलेला. दारात पुठ्ठ्याचा उंट, त्याच्या पाठीवर पोरं चढू नयेत म्हणून चिकटपट्टीचं कुंपण. बाट्या म्हणून जे ठेवलं होतं ते दातानं फुटेना, नि दाल आपली रोजची हॉटेलातली. बायका आरसेकामाचे घागरे घालून कपाळावर बिंदी सावरत होत्या. आणि बास्केटबॉलच्या रिंगखाली एका खुर्चीमागे उभा राहून आमचा शेजारी साफे बांधत होता. ओळ लागली होती. माझा नवराही त्या ओळीत उभा! मी डोळे वटारले तर म्हणाला, अगं, सगळेच बांधतायत, मी एकटा कसा वेगळा दिसणार?

शेवटी काका आले. खुर्चीत ऐसपैस बसले. शेजाऱ्यानं केशरी कापड उलगडलं, एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हातारा घालायचा तशाच घड्या घालायला लागला. मी चारच पावलांवर होते. फोटोवाला आला. काका मान न हलवता म्हणाले, "जरा घट्ट बांध रे. आणि तुझा कुठाय? राजस्थानी माणूस आणि बोडका?"

शेजाऱ्याचे हात थांबले नाहीत. साध्या आवाजात तो म्हणाला, "माझा गावी बांधला, काका. परवा. धाकट्या भावाच्या डोक्यावर."

मला वाटलं, आता तरी या माणसाला काहीतरी लागेल. काका हसले. "अरे वा! मग त्याला सांग, फोटो पाठव. आपण वेबसाइटवर टाकू."

त्यानंतर मी काय केलं ते मला धड आठवत नाही, एवढं आठवतं की मी त्या खुर्चीपाशी पोचले होते आणि माझा हात त्या केशरी साफ्याकडे गेला होता. ओढून काढणार होते, सगळ्या जिमसमोर. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचं जे व्हायचं ते होवो. साफ्याला माझी बोटं लागणार तेवढ्यात शेजाऱ्यानं माझं मनगट धरलं.

"नको, वहिनी," तो म्हणाला. "उतरवायचा नसतो."

काकांना वाटलं, मी शेमला सारखा करायला आले. म्हणाले, बघ गं, नीट बसलाय ना? शेजाऱ्यानंच पाठीवरचा शेमला सारखा केला, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि पुढच्या माणसाला खुर्चीत बसवलं. मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन रडले. रागानं रडले, दुसरं काही नाही. गाडीत नवऱ्यानं आपला साफा उतरवून मागच्या सीटवर ठेवला.

गो-लाइव्ह पुढे ढकललं गेलं, हेही सांगून ठेवते. कुणाच्या बारशाला जायचं असतं तशी पुढची तारीख आरामात ठरली.

शेजारी पुढच्या हिवाळ्यात गावी जाऊन आला. शिक्का आठवड्यात मिळाला. परतल्यावर सांगऱ्यांची पिशवी द्यायला आमच्याकडे आला तेव्हा मी विचारलं, कसं आहे घरी? सगळं छान आहे म्हणाला. भाऊ नीट बघतो, टाक्याची किल्ली आता त्याच्याकडे असते. बापूजींच्या खाटेवर तोच बसतो. मग थोडा वेळ तो पिशवीची गाठ उगाच सोडत आणि बांधत राहिला.

"पोचलो, खाटेवर बसलो," तो म्हणाला. "माठाकडे जायला उठणार होतो. तर भावाची बायको लोटा घेऊन आली, वहिनी. माझ्या हातात पाणी दिलं."