सतरा वेळा "होय साहेब"

ओझेलाच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या खणात, मक्याच्या पिठाच्या डब्यामागे, कोर्टाच्या कागदांचा एक गठ्ठा आहे. तिच्या नवऱ्याने, वेंडलने, न्यायाधीशापुढे उभं राहून जे जे म्हटलं ते त्यात उतरवलेलं आहे. वेंडल बोलला एकच वाक्य, सतरा वेळा. "होय साहेब."

मिसिसिपीतल्या त्या गावात शाळेच्या मुदपाकखान्यात ओझेलाने सव्वीस वर्षं काढली. तिचं शिक्षण बेताचं, पण ते सतरा होकार तिला तोंडपाठ आहेत. वेंडलने रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून गवत कापायचं यंत्र घेतलं होतं. ते चोरीचं निघालं. वकील नको ना? होय साहेब. ज्युरीपुढे खटला चालवायचा हक्क सोडतोस ना? होय साहेब. गुन्हा कबूल ना? होय साहेब. तीन वर्षं.

त्याच्या आईने त्याला लहानपणी एकच गोष्ट चापट मारून शिकवली होती : गोऱ्या माणसाने, त्यातून हुद्देवाल्याने काही विचारलं, की नजर खाली आणि "होय साहेब". त्या काळात या दोन शब्दांनी काळ्या माणसाचा जीव वाचायचा. त्याच शब्दांनी वेंडलला आत टाकलं. त्याला प्रश्न समजलेच नव्हते म्हणून अपील केलं, तर वरच्या कोर्टाने लिहून पाठवलं की आरोपीने प्रत्येक प्रश्नाला स्पष्ट आणि सभ्य उत्तर दिलेलं आहे. ते "सभ्य" वाचून ओझेलाने त्या दिवशी एक ताटली भिंतीवर फोडली होती. माणसाला सभ्यपणा शिकवायचा आणि मग त्याच सभ्यपणाला कबुलीची सही मानायची, हा कुठला न्याय?

वेंडल सुटून आला त्याला आता आठ वर्षं झाली. कोबीची भाजी आणखी वाढू का, असं ओझेलाने विचारलं तरी कधीकधी तो चुकून तिलाच "होय साहेब" म्हणतो. तेव्हा ती पाठ फिरवते आणि नळ मोठा सोडते.

यंदा वसंतात तिच्या धाकट्या भावाला, क्लिटसला पकडलं. दुकानदाराने वापरायला दिलेली लाकूड कापायची करवत त्याच्या गाडीत सापडली, आणि आपण ती दिल्याचं दुकानदार साफ विसरला. ओझेलाने रडत बसण्याऐवजी तालीम सुरू केली. रोज संध्याकाळी ती लाकडी डाव हातात धरून न्यायाधीश व्हायची.

"तुला समजलं का?"

"होय साह—"

डाव टेबलावर आपटायचा. "पुन्हा."

"ताई, त्या न्यायाधीशापेक्षा तुझीच भीती जास्त वाटते."

"मग तिथं सोपं जाईल."

क्लिटस म्हणाला, मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हटलं तर आई कबरीतून उठून येईल. ओझेला म्हणाली, येऊ दे, तिलाही वकील मिळवून देऊ.

सोमवारी सकाळी कोर्टात न्यायाधीशाने सात जणांना एकदम उभं केलं. मालाची यादी वाचावी तसे त्याने सगळे हक्क एका दमात वाचून टाकले : गप्प राहायचा हक्क, वकिलाचा, ज्युरीचा, साक्षीदारांना प्रश्न विचारायचा. समजलं का सगळ्यांना? सोडता ना हे हक्क?

सातही जण एका सुरात बोलले. "होय साहेब."

त्यात क्लिटसचा आवाज होता. मागच्या बाकावर ओझेलाला तो स्पष्ट ऐकू आला. तिथे बोलायची परवानगी नव्हती. तिने पुढच्या बाकाची कड घट्ट धरली. कारकून लिहू लागला.

क्लिटसने घसा खाकरला. मान खालीच होती.

"साहेब, आमच्या घरात 'होय साहेब' म्हणजे ऐकू आलं. समजलं असं नव्हे. मला समजलं नाही. मला वकील पाहिजे."

न्यायाधीशाने चष्म्यावरून पाहिलं. वेळ जातोय, असं काहीतरी पुटपुटला. क्लिटस जागचा हलला नाही. तेवढ्यात त्याच्या शेजारचा, पायात रबरी बूट घातलेला म्हातारा म्हणाला, "मलाही नाही समजलं, साहेब." मग आणखी एक.

शेवटी न्यायाधीशाला सगळं पहिल्यापासून, एकेकाला वेगळं समोर घेऊन सांगावं लागलं. क्लिटसला वकील मिळाला, तारीख मिळाली. खटला अजून व्हायचाय.

ओझेलाची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. एका माणसाला नीट समजावून सांगायला चार मिनिटं लागत होती. सात माणसं मिळून अर्धा तासही नाही.

बाहेर पायऱ्यांवर क्लिटस हसत म्हणाला, "बघ, जमलं की नाही?" ओझेलाने त्याची पाठ थोपटली, पण हसली नाही. अकरा वर्षांपूर्वी वेंडलसाठी याच कोर्टाकडे चार मिनिटं नव्हती.