सरगुंड्यांचा खटला

वकिलीच्या कॉलेजात पाऊल टाकण्याआधीच मी एक खटला चालवला आणि तो सपशेल हरले. आरोपी माझे बाबा होते, कोर्ट आमच्या अंगणात भरलं होतं आणि सगळ्या खाटांवर शेवयांचे पाट मांडलेले असल्यामुळे आरोपीला बसायला जागा नव्हती.

पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. अमरावतीला मामांकडे राहून मी बी.ए. झाले आणि कारंज्याजवळच्या आमच्या गावी परत आले. आल्यापासून एकच धोशा लावला, की मला नागपूरला कायदा शिकायला जायचंय. आईचं म्हणणं होतं, शिकणं पुष्कळ झालं, आता लग्न. बाबांचं म्हणणं काहीच नव्हतं. ते दिवसभर शेतात बैलांशी बोलायचे आणि माणसांशी बोलायची वेळ आली की "पाहू" म्हणायचे. गोठा शाकारायचाय? पाहू. विहिरीतला गाळ काढायचाय? पाहू. त्यातल्या काही गोष्टी होत, काही होत नसत, आणि कुठल्या होणार ते देवालाही आधी कळत नसे. माझ्या नागपूरचंही त्यांनी "पाहू" करून टाकलं होतं. कॉलेज जूनमध्ये उघडणार होतं.

कारंज्याला बाबांचे एक जुने स्नेही होते, म्हातारे वकील. धुऱ्यांच्या, म्हणजे शेतांच्या बांधांच्या, भांडणांवर त्यांची हयात गेली होती. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी कपाटातून कायद्याचा एक जाडजूड कोश काढला, वरची धूळ माझ्याच अंगावर झटकली आणि तो माझ्या हातात दिला.

"पाठ करू नकोस," ते म्हणाले. "पाठ केलेलं परीक्षेपुरतं टिकतं. रोज एक शब्द घे आणि घरात वापर. नेमक्या जागी वापरलास की तो तुझा झाला."

दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा आणखी एक सांगितलं, "आणि उलटतपासणीत असा प्रश्न कधी विचारू नये, ज्याचं उत्तर आपल्याला आधी ठाऊक नाही." त्यांचा पहिला सल्ला मी शिरसावंद्य मानला. दुसरा मला म्हातारपणाची सवय वाटली.

शब्दांची पहिली शिकार झाली आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. गावातलं सगळं तिला ठाऊक असायचं, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यात काही नसायचं.

"वरच्या आळीतल्या सुनेनं सासूले लोटलं म्हनते," ती सुपातले गहू पाखडता पाखडता म्हणाली.

"तुवा पाह्यलं काय?"

"म्या कायले पाहू? कुंभारीन सांगून राह्यली होती."

"मंग हा ऐकीव पुरावा झाला आत्या. कोर्ट असा पुरावा घेत नाई."

"नको घेऊ दे कोर्टाले," आत्या म्हणाली. "तू घे."

आईसाठी मी 'रेस ज्युडिकाटा' राखून ठेवला होता. एकदा निकाल लागलेली गोष्ट पुन्हा कोर्टात उकरून काढता येत नाही, असा त्याचा अर्थ. आई रोज सकाळी चुलीपुढे माझ्या लग्नाचा विषय काढायची आणि मी लगेच हे भारदस्त नाव घ्यायचे. निकाल कोणी लावला, असं तिनं विचारलं. मी लावला, म्हटलं. त्या दिवशीच्या भाकरी तिनं इतक्या जोरात थापल्या की शेजारीण काय झालं म्हणून बघून गेली. पण आईही काही कमी नव्हती. संध्याकाळी मी आमरसाची दुसरी वाटी मागितली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुह्या रसाचा निकाल लागला बाई दुपारीच."

'अलिबाय' मला सगळ्यात महागात पडला. दुधावरची साय नाहीशी झाली होती आणि आई लाटणं घेऊन मांजराच्या मागे लागली होती. मी मांजराचं वकीलपत्र घेतलं. घटनेच्या वेळी आरोपी शेजारच्या माळ्यावर पिल्लांना पाजत होतं, हे साक्षीदारांनिशी सिद्ध केलं आणि त्याला निर्दोष सोडवलं. मांजर सुटल्यावर घरात साय आवडणारं एकच माणूस उरतं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

राहिले बाबा. ते ओसरीवर बसून बैलांसाठी कासरा वळत होते. मी समोर उभी राहिले आणि सांगितलं, की दावा दाखल झाला, समन्स पोचलं, तरी प्रतिवादी हजर होत नाही. अशा वेळी कोर्ट एकतर्फी निकाल लावतं. "तुमी बोलसान नाई, त मी समजीन का तुमाले मंजूर हाय."

बाबांनी कासऱ्याला पीळ दिला, गाठ मारली, ओढून पाहिली. मग म्हणाले, "पाहू."

वैशाख अर्धा झाला असेल. "शेलूबाजारले जाऊन येतो" म्हणून बाबा जवळच्या त्या बाजाराच्या गावी निघाले ते रात्री परतलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडी दारात आली तेव्हा तिच्यात बन्सी गव्हाचं एक अख्खं पोतं होतं आणि एक कोरी करकरीत लोखंडी पेटी. बाबा घरात गेले आणि आईशी हळू आवाजात काहीतरी बोलले. आई पदरानं डोळे पुसत बाहेर आली. मग बाबा अंगणात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेवया करा, सरगुंडे करा. लय करा." एवढं बोलून ते शेतात गेले.

आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी शेवया होतात. सरगुंडेही होतात. कणकेची बारीक दोरी काडीभोवती गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची आणि उन्हात वाळवायची, की झाले सरगुंडे. पण घरच्यापुरते पायलीभर गव्हाचे होतात. अख्खं पोतं फक्त एकाच कारणासाठी भिजतं. लग्नाची मुलगी असलेल्या घरी गव्हाचं पोतं उतरलेलं दिसलं की गल्लीतल्या बायांना बोलवावं लागत नाही. जी ती आपापला पाट बगलेत मारून येते.

दिवस मावळायच्या आत आत्याकडे सगळी बातमी तयार होती. शेलूबाजारला एक मोठे अडत्ये होते, धान्याचा व्यापार करणारे. त्यांचा मुलगा लग्नाचा होता. "लय मोठं घर हाय म्हनते. पोरगा थोडा ठेंगना हाय, पन सभाव चांगला म्हनते."

उन्हाळाभर आत्याचा जो ऐकीव पुरावा मी फेटाळत आले होते, तोच त्या दिवशी मी एका दमात मान्य केला. वर माझ्याकडे परिस्थितीजन्य पुरावा होताच. पोतं, पेटी, आईचे डोळे, बाबांचं दोन दिवस गायब होणं. सगळं कसं जिथल्या तिथे बसत होतं. मला बाबांचा भयंकर राग आला होता, पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली नुसती भीती होती. त्या ठेंगण्या मुलाच्या घरी ओट्यावर धान्य निवडत बसलेली मी मला दिसायला लागले होते. कोश मी उशीखाली ठेवला आणि घरात कोणाशीही बोलायचं बंद केलं. घराला त्यामुळे जरा विश्रांतीच मिळाली असावी.

गहू ओलवून, दळून, चाळून पीठ तयार झालं त्या सकाळी बाया आल्या. अंगणातल्या खाटांवर उतरते पाट लागले. आत्यानं पाटांना आणि पिठाला हळदकुंकू वाहिलं, तेही लग्नाच्या शेवयांना वाहतात तसं, नारळ फोडून. कोणीतरी लग्नाचं गाणं धरलं. मला ते सहन होईना. तेवढ्यात बाबा पाणी प्यायला शेतातून आले आणि मी दारात आडवी उभी राहिले.

"थांबा. आधी जबाब द्या, मंग पानी प्या."

गाणं थांबलं. बाबांनी बसायला खाट शोधली. एकही मोकळी नव्हती. ते डोक्याचं फडकं सोडून, घाम पुसत उभे राहिले.

"तुमी शेलूबाजारले गेले होते काय?"

"गेलो होतो."

"तथी कोनाले भेटले?"

"मोटरवाल्याले."

बाया हसल्या. साक्षीदार उडवाउडवी करतोय, हे मी ओळखलं. कोशातल्या सगळ्या वकिलांचं बळ माझ्या अंगात आलं होतं.

"हा गहू कोनं आनला?"

"म्या."

"अन् पेटी?"

"म्याच."

आता फक्त शेवटचा घाव उरला होता. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे अशी माझी खात्री होती. "मंग सगळ्यायच्या समोर सांगा," मी म्हटलं, "हे सरगुंडे कोनाच्या घरी जानार हाय?"

"तुह्या मावशीच्या," बाबा म्हणाले.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती नागपूरला असायची. बाबा पुढे बोलत राहिले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"पोरगी तिच्या घरी राहीन, वर्सानुवर्स जेवन. रिकाम्या हातानं कशी धाडू? शेलूबाजारले मोटरचा टाइम इचाराले गेलो, न तसाच बसून गेलो नागपूरले. मावशीचं घर पाह्यलं. तुहं कॉलेज पाह्यलं. पोरी हायेत तथी. दोन दिसल्या मले." मग फडकं खांद्यावर टाकून म्हणाले, "पाहू म्हनलं होतं ना म्या. पाहून आलो."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"तू बोलू देशीन तवा ना."

सगळ्यांच्या नजरा आईकडे वळल्या. तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती पिठाचा गोळा मळत होती आणि तिनं मान वर केली नाही. "माह्याकडं काय पाहता," ती म्हणाली. "यंदा जावई येईन वाटलं होतं मले. आता पोरगीच जाऊन राह्यली, न जावई बी नाई."

लग्नाच्या गाण्यासाठी उघडलेली तोंडं तशीच राहिली होती. शेजारणीनं दबक्या आवाजात विचारलं, "आता हे हयदकुकू पुसून टाकाव काय? लगन त नाई."

आत्यानं पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "राहू दे वं," ती म्हणाली. "घरातून त जाऊनच राह्यली ना पोरगी."

मला एकदम रडू आलं आणि ते लपवायला मी पहिल्यांदाच एका पाटाशी जाऊन बसले आणि काडी हातात घेतली. माझे सरगुंडे इतके जाड झाले, की आईनं ते वेगळे वाळत घातले. बाबा अजून उभेच होते.

"माहा निकाल काय लागला?" त्यांनी विचारलं.

निर्दोष मुक्ततेला कोशात चांगले तीन-चार शब्द होते. मला एकही आठवेना. शेवटी आत्याच म्हणाली, "सोडून द्या वं त्याले. पानी पिऊ द्या."

म्हाताऱ्या वकिलांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा ते दम लागेस्तोवर हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "म्हणजे उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विचारलासच."

"हो काका."

"बरं झालं विचारलास," ते म्हणाले. कोश त्यांनी परत घेतला नाही.

निघायच्या दिवशी आत्यानं पेटीलाही कुंकू लावलं. आत कपडे कमी आणि सरगुंडे जास्त होते. माझे जाडे सरगुंडे आईनं वेगळ्या फडक्यात बांधून दिले होते, म्हणजे मावशीला ते चुकून आईच्या हातचे वाटायला नकोत. शेलूबाजारला मोटर लागली. बाबांनी पेटी टपावर चढवली, दोर स्वतः बांधला, ओढून पाहिला. मोटर सुरू झाली तेव्हा ते खिडकीशी आले. "पाहू" म्हणताना असायचा तोच चेहरा होता.

"दिवाळीची तारीख देल्ली तुले," ते म्हणाले. "हजर राहाजो. नाई त एकतर्फी निकाल लावून टाकीन. शेलूबाजारवाला पोरगा अजून रिकामाच हाय म्हनते."

"हा ऐकीव पुरावा झाला," मी म्हटलं. मोटर हलली.

पुढे वकिली करताना मी लोकांच्या कितीतरी तारखा पुढे ढकलून घेतल्या. बाबा होते तोवर दिवाळीची मात्र एकही चुकवली नाही. मी पोचायचे तेव्हा ते ओसरीवर काहीतरी वळत बसलेले असायचे आणि हातातलं काम न थांबवता विचारायचे, "हजर?"

"हजर," मी म्हणायचे. मग आई सरगुंड्यांसाठी चुलीवर पाणी ठेवायची.