काकूचा मुराळी

काकू टीव्हीच्या काचेवर तळहात टेकवायची आणि म्हणायची, "भाऊ ताप बघून राह्यला तिचा. आता उठती बघा."

आम्ही पोरं खाली फरशीवर बसलेलो असायचो. तिच्या हातामागे काय चाललंय ते दिसत नसे, आणि दिसलं पाहिजे असं वाटतही नसे. हात काढला की राजकन्या खरंच उठून बसलेली असायची. काच तापलेली असे, हात उचलताना बारीक चुरचुर व्हायची. काकू तो हात पदराला पुसायची आणि म्हणायची, "उतरला."

हे जाफराबादचं, आमच्या गल्लीत एकच व्हीसीआर होता तेव्हाचं. तो काकूच्या घरी होता, कारण काकांचं एसटी स्टँडजवळ कॅसेटचं दुकान होतं. लग्नाला, बारशाला, गणपतीला टीव्हीसकट व्हीसीआर भाड्यानं जायचा. एकदा जालन्याहून आणलेल्या मारधाडीच्या गठ्ठ्यात चुकून राजकन्यांच्या इंग्रजी कार्टूनच्या तीन कॅसेटी आल्या. जाफराबादेत त्या कोण नेणार? काका म्हणाले, "बिलकुल बेकार माल. तू बघ आन् तुझी पोरं बघू दे." काकूला मूलबाळ नव्हतं. तिची पोरं म्हणजे आम्ही, गल्लीतली.

दुपारी लाईट असली की काकू कॅसेट लावायची आणि आवाज पार बंद करायची. "त्यांची कटकट कशाला ऐकायची, मी सांगते ना." मग टीव्हीशेजारी पाटावर बसून ती गोष्ट सांगायची. इंग्रजी तिला येत नव्हतं आणि आम्हालाही नाही, त्यामुळे तिला अडवणारं कुणी नव्हतं.

पहिल्या कॅसेटमधल्या राजकन्येच्या बोटाला चरख्याची चाती लागते आणि ती झोपी जाते. काकूच्या सांगण्यात तिचं बोट जिनिंगच्या यंत्रात अडकलं होतं. आमच्याकडं कापूस, त्यामुळे आम्हाला ते लगेच पटलं. तिथून ताप भरला. सासरच्यांनी दवाखान्यात नेलं नाही, माडीवर टाकून दिलं. मग पांढऱ्या घोड्यावरून एक उमदा माणूस झाडंझुडपं तोडत यायचा. काकू पाटावर सावरून बसायची. "आला बघा मुराळी."

मुराळी म्हणजे सासरी दिलेल्या लेकीला सणासुदीला माहेरी न्यायला येणारा माणूस. बहुतेक भाऊच असतो. तुम्हाला माहीत असेलच, पण माझ्या मुलीला मला समजावून सांगावं लागलं, म्हणून इथेही सांगते.

दुसऱ्या कॅसेटीत काचेची एक चप्पल मागं राहायची. काकू म्हणायची, "लगनाच्या गडबडीत एक चप्पल माहेरीच राह्यली तिची. आता भाऊ ती घेऊन गावोगाव हिंडून राह्यला. बहीण कोन्त्या घरी देली तेच इसरला, येडं." तिसऱ्या कॅसेटीत मनोऱ्यात कोंडलेली, लांब केसांची मुलगी होती. "दाजी धाडत न्हाई तिला. मंग भाऊ काय करन? चढला केसाला धरून." एकदा मी विचारलं होतं, एवढा मोठा भाऊ केसाला लटकला तर डोकं दुखत नसेल का तिचं? काकू म्हणाली, "भाऊ आल्यावर कशाचं दुखतं माय."

तिन्ही कॅसेटींचा शेवट एकच. दोघं घोड्यावर बसून निघायची, मागे उंच किल्ला. "चालली माहेराला," काकू म्हणायची. "आमचं वडीगोद्रीचं घर बी असंच हाय. फक्त पत्र्याचं हाय."

वडीगोद्री तिचं माहेर. एसटीनं जालना, तिथून अंबडकडची गाडी, की संध्याकाळच्या आत पोचता येतं. पण काकूला कधी तिकडं जाताना आम्ही पाहिलं नाही. नागपंचमीला, आखाजीला, दिवाळीला गल्लीतल्या सगळ्या सुना पिशव्या भरून जायच्या आणि काकू त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायची.

कारण गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. काकूच्या भावाच्या लग्नात जावयाला मानाचा फेटा बांधायचा, तर ऐन वेळी फेटे संपले. कुणी पुढारी आले होते, त्यांच्या माणसांत वाटले गेले. काकांच्या डोक्यावर टोपी ठेवली गेली. काकांनी ती टोपी मांडवाच्या खांबाला अडकवली आणि न जेवता बाहेर पडले. काकू पंगतीत बसली होती. ती भरल्या पानावरून उठली आणि त्यांच्यामागं निघाली. तेव्हापासून काका म्हणायचे, "त्यानं दारात यावं, मानानं न्यावं. म्या काय दार लावून बसलो का?" आणि तिकडून निरोप यायचा, "दाजींनी नुसतं 'या' म्हणावं."

दोन्ही दारं सताड उघडी होती, आणि मधल्या रस्त्यानं कुणी येत-जात नव्हतं. तुम्हीही अशी दारं पाहिली असतील.

एकदा मी तिला म्हणाले, "काकू, तू एसटीनं जा ना एकटी." ती हसली. "बिनबोलावता लेक गेली, तं दारातल्या चपला बी इचारतेत, कोन म्हनून. मुराळी पाह्यजे माय."

पुढं मी शिकले, लग्न झालं, जालन्यात नोकरी लागली. मुलगी पहिलीत असताना नवऱ्यानं तिच्यासाठी राजकन्यांच्या सीडी आणल्या. हिंदीत बोलणाऱ्या. मी हौसेनं शेजारी बसले आणि तिला म्हणाले, "आता बघ, मुराळी येतो. तिचा भाऊ."

घोडा आला, माणूस जिना चढला. मी बोलतच होते. मुलगी माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाली, "आई, भाऊ नाहीये तो. ते लग्न करतात."

मला हसू आलं. तसं मी कळत्या वयात ओळखायला हवं होतं, पण ते चित्रपट पुन्हा पाहायचा प्रसंगच आला नव्हता. मुलगी शाळेत गेल्यावर मी तिन्ही सीडी एकटीनं पाहिल्या, आवाज मोठा करून. भाऊ कुठंच नव्हता. माहेर तर एकीलाही धड नव्हतं. कुणाची आई मेलेली, कुणाचा बाप असून नसल्यासारखा, आणि या पोरी कुणीतरी येईल म्हणून गाणी म्हणत होत्या. येणारा यायचा, लग्न व्हायचं आणि पडद्यावर नावं यायची. काकूची गोष्ट लग्नाच्या पुढची होती. तिनं तिच्या गोष्टीला लागेल तेवढंच चित्र वापरलं होतं आणि उरलेल्यावर हात ठेवला होता. सीडी संपल्यावर मी बराच वेळ रडले. कशासाठी, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

पुढच्या सुट्टीत मी सीडी आणि प्लेअर घेऊन जाफराबादला गेले. काकूला आनंद होईल असं वाटलं होतं. काकांचं दुकान कधीच बंद पडलं होतं, ते ओट्यावर बसून असत. काकूनं हौसेनं पाट घेतला, माझ्या मुलीला जवळ बसवलं. "आता बोट अडकन बघ तिचं जिनिंगमधी." पण टीव्ही तिच्याआधीच बोलत होता. ती वाक्य सुरू करायची, तोवर हिंदीतून दुसरंच काही ऐकू यायचं. मी आवाज कमी करायला उठले, तर मुलीनं ओरडून बसवलं. राजकुमार वाकला तेव्हा काकूनं सवयीनं काचेवर हात ठेवला. हाताखालून आवाज आला, शादी. काकूनं हात काढून मांडीवर घेतला.

"आता हे सोताच सांगून राह्यले," ती म्हणाली. "मंग मी काय सांगू?"

मुलगी अंगणात पळाल्यावर मी हळूच विचारलं, "काकू, तुला माहीत होतं का, तो नवरा आहे म्हणून?"

"न कळाया काय झालं? घोड्यावर कोन येतं, इतकं न्हाई का कळत?" ती प्लेअरच्या वायरीची नीट गुंडाळी करत होती. "लगीन तं साऱ्यांचंच होतं माय. त्यात काय बघायचं? मागून न्यायला कोन येतं, ते बघायचं."



त्या वर्षी एका लग्नाला जाताना वाटेत वडीगोद्री लागली. रस्त्यावर पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं, पाटीवर काकूच्या माहेरचं आडनाव. मी गाडी थांबवायला लावली. गल्ल्यावरचा माणूस पन्नाशी ओलांडलेला, कपाळ अगदी काकूचं. मी ओळख सांगितली, जाफराबादची, तुमच्या बहिणीच्या शेजारची. त्यानं लगेच खुर्ची पुसली, चहा सांगितला. मग पाइपांकडं बघतच त्यानं विचारलं.

"तब्येत कशी हाय तिची?"

"बरी आहे. मामा, तुम्ही एकदा जा ना. ती वाट बघते."

"मी आत्ता गाडी काढतो ताई. दाजींनी फक्त एक शबूद टाकावा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो बिलकुल हलत नव्हता. निघताना त्यानं शेतातल्या मोसंब्यांची गोणी माझ्या गाडीत ठेवली. "तिला द्या. मी देल्या म्हनू नका."

मी गोणी पोचवली आणि कुणी दिली ते अर्थातच काकूला सांगितलं. ती एक मोसंबी हातात घेऊन कितीतरी वेळ वास घेत राहिली. काकांनी दोन सोलून खाल्ल्या. "गोड हाय. कुठली?"

"बाजारची," काकू म्हणाली.

मी काकांशीही बोलून पाहिलं. ते म्हणाले, "आपन न्हाई म्हनतो का? येऊ दे ना त्याला." मला वाटतं, दोघंही खरं बोलत होते. चांगल्या माणसांपुढं डोकं आपटून काही उपयोग नसतो. वाईट माणसांशी निदान भांडता तरी येतं.

दोन पावसाळ्यांनी काकूला ताप आला. साधा म्हणून अंगावर काढला, मग हटेना. जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी रोज जात होते. एकदा मी तिचं डोकं चेपत असताना ती डोळे मिटूनच म्हणाली, "घोडा दिसन का गं खिडकीतून?" मला कळेना, थट्टा करते की तापात बोलते. मी म्हणाले, येईल. दुसरं काय म्हणणार होते? बाहेरच्या बाकावर काका बसले होते. मी जाऊन म्हणाले, "काका, आता तरी फोन करा." ते म्हणाले, "बरी झाली की करतो. अशात बोलावलं तं घाबरन तो."

त्याच आठवड्यात ती गेली.

तिला जाफराबादला आणलं. आमच्याकडं सवाष्ण बाई गेली की माहेरची साडी आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. काका कुणाला काही न बोलता उठले आणि कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर गेले. मी मागोमाग गेले. नंबर त्यांना तोंडपाठ होता. तिकडून उचलल्यावर काका एवढंच म्हणाले, "या."

एवढासाच होता तो शब्द.

दुपार सरत आली तशी गल्लीच्या तोंडाशी जीप उभी राहिली. पांढरी, धुळीनं भरलेली. लोक बाजूला झाले. काका दारातच उभे होते. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि काकांनी वाट दिली. गल्लीतल्या आम्ही सगळ्याजणी, ज्या कधीकाळी त्या फरशीवर बसायचो, तिच्या उशाशी होतो. भावानं हिरवी साडी तिच्या अंगावर पांघरली, गुडघ्यावर बसला आणि तिच्या कपाळावर तळहात टेकवला.

आम्ही चांगल्या मोठ्या बायका. पण त्यानं हात उचलला तेव्हा आम्ही सगळ्याच तिच्या डोळ्यांकडं बघत होतो.