चिखल्याचं चौथं बोट

कारखान्यात त्याला सगळे टाचणी म्हणायचे. सिनेमातल्या राक्षसांचे वीतभर पुतळे बनवणारा कारखाना तो, आणि हा तिथला मातीकामाचा कारागीर. खवले कोरायचे ते टाचणीनंच, दुसऱ्या हत्याराला हात लावायचा नाही. स्वभावही तसाच. टोचल्याशिवाय कुणाला सोडेल तर शपथ.

शेजारच्या टेबलावर त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला कामाला यानंच लावलेलं, आणि तेव्हापासून जी पोटदुखी मागं लागली ती लागलीच. साडू गाणी म्हणत माती थापायचा, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा हाणायचा, आणि दिवस कलता बघावं तर टेबलावर राक्षस जिता होऊन गुरगुरतोय. टाचणीच्या राक्षसाचा खवला न् खवला बरोबर, पण बेटा उभा असायचा फोटो काढून घेत असल्यासारखा.

"धाकटीच्या घरी बघा, कसे हसतखेळत जेवतात," बायको म्हणायची. "तुम्ही भिंतीकडं बघत दात खाता."

"भिंत बरी. ती साडूचं कौतुक करत नाही."

कारखान्यात मोठ्या खिडकीची एक खोली होती. तिथं बसेल तो मुख्य कारागीर. म्हातारे उस्ताद घरी बसले आणि खोली रिकामी झाली. तिच्यावर टाचणीचा डोळा केव्हाचा. पण नवा राक्षस आला चिखल्या, आणि मालकीणबाईंनी तो साडूच्या हाती दिला. वर म्हणाल्या, "हा नीट पार पाड, खोली तुझी."

आता हा धंदा म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं कसण्यासारखा. राक्षस सिनेमा कंपनीचा. ठरल्या मुदतीपुरता कारखान्यानं घ्यायचा, विकेल त्यातला वाटा त्यांना द्यायचा, आणि मुदत संपली की साचे मोडून मोकळं व्हायचं. राक्षस कसा दिसावा याची चित्रं तीच कंपनी देणार, मातीचा नमुना तिच्याकडं पसंतीला जाणार. पसंतीचा शिक्का बसला की तो नमुनाच बाप. पुढचा सगळा माल हुबेहूब त्याच्यासारखा. म्हणून कारखान्याची रीत होती : नमुना धाडण्याआधी एकाचं काम दुसऱ्यानं चित्राशी ताडून बघायचं.

साडूचा चिखल्या टाचणीपुढं आला. चिखलातून उठतोय, गुडघ्यावरून गाळ ओघळतोय. बघताच याच्या काळजात कळ आली. आणि मग डाव्या हातावर नजर गेली. चित्रात बोटं तीन. साडूनं गाण्याच्या नादात केलेली चार.

"काय साडूभाऊ, जमलाय का?" साडूनं विचारलं.

टाचणीनं हातातली टाचणी फिरवली. सिनेमा कंपनी नमुना तोंडावर फेकणार, खोली साडूच्या हातची जाणार, सगळं त्याला डोळ्यांपुढं दिसलं. "चांगला झालाय," तो म्हणाला.

साडूचे डोळेच भरून आले. याच्या तोंडून चांगलं म्हणून त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

पण दैव आंधळं ते आंधळंच. पसंती देणारे शेपटीवरच अडले. जाड आहे, बारीक करा, आता फार बारीक झाली. शेपटीच्या नादात हाताकडं कुणी बघितलंच नाही. शिक्का बसला, साचे बनले, माल दुकानात गेला. बोट जास्त आहे म्हणून पहिली बोंब मारली ती पुतळे जमवणाऱ्या हौशी लोकांनी. मालकीणबाईंनी घाईनं नवी पसंती आणली, साचा सुधारला. पण चार बोटांचा चिखल्या आता पुन्हा निघणार नाही म्हटल्यावर तो मिळवायला लोक एकमेकांच्या उरावर बसायला लागले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, दुसरं काय! साडूला खोली मिळालीच, वर लोक खोक्यांवर त्याच्या सह्या घ्यायला दारात. आणि साडू प्रत्येकाला सांगायचा, "आमच्या साडूभाऊंनी चांगला म्हटलेला हा एकच राक्षस!"

टाचणी मान खाली घालून खवले कोरायचा.

पुढं चिखल्याचा दुसरा सिनेमा निघाला. या खेपेला काम टाचणीकडं आलं. सिनेमा कंपनीची नवी चित्रं उघडतो तर डाव्या हाताला बोटं चार! लोकांना आवडलं म्हणून त्यांनी राक्षसच बदलून टाकला होता. साडूची चूक आता खरी झाली होती, आणि ती याला स्वतःच्या हातानं घडवायची होती. हात वळेना. त्यानं दातओठ खात तीनच केली. माझा चिखल्या तीन बोटांचा, मनाशी म्हणाला, घ्यायचा तर घ्या.

ताडून बघायला साडूच आला. चित्र धरलं, पुतळा फिरवला आणि दुसऱ्याच क्षणी म्हणाला, "अहो, एक बोट राहिलं की!"

टाचणी टोकावरची माती पुसत राहिला.

"बरं झालं दिसलं. नाहीतर मालकीणबाईंनी तुम्हाला सोलून काढलं असतं."

बोलता बोलता त्यानं मातीची गोळी उचलली, तळव्यावर वळली, नखानं दोन सुरकुत्या पाडल्या आणि बोट पुढं धरलं.

टाचणीनं बोट घेऊन चिकटवलं, जरा लांब होऊन बघितलं. अख्ख्या पुतळ्यात तेवढंच हलतंय असं वाटत होतं.