चुंबकवाले डॉक्टर

माझ्या साडूंइतका भित्रा माणूस पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या साऱ्या मुलखात दुसरा सापडायचा नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. ते लिफ्टला भितात, पालीला भितात, अनोळखी नंबरच्या फोनला भितात, आणि कुणी कौतुक करायला लागलं तर सगळ्यांत जास्त भितात. दिघीला त्यांच्या घराच्या मागेच लष्कराची हद्द आहे. तिकडे सराव सुरू झाला की पहिल्या धमाक्याला त्यांच्या हातातला चहा सांडलाच म्हणून समजा. तिथे राहून केस पिकले तरी सवय म्हणून झाली नाही. असा हा माणूस पोटापाण्यासाठी जनावरांचा डॉक्टर आहे. मारक्या बैलासमोर त्यांचे पाय लटपटत नाहीत असं नाही. लटपटतात, पण पुढेच पडत राहतात आणि तोंड अखंड चालू असतं. “बाई गं, मारू नकोस हां, मी आधीच घाबरलोय,” असं ते गाईला खरोखर सांगतात, आणि गाय ऐकते. माझी थोरली मेव्हणी म्हणते, “घरात कधी एवढं गोड बोलले असते तर!”

आता आमच्या भागातली गाय नुसतं गवत खाईल अशी आशाच करू नये. वर्कशॉपांच्या मागे कचऱ्यात शिळी भाकरी पडलेली असते, आणि भाकरीबरोबर खिळे, वायसर, लेथवरचा कीस असं सगळं पोटात जातं. गाय निवडत बसत नाही, गिळून मोकळी होते. मग एखादा खिळा पोटातून काळजाकडे सरकतो आणि ती खाणं सोडून पाठ वाकवून उभी राहते. यावर साडूंचा उपाय म्हणजे बोटाएवढं गुळगुळीत चुंबक. ते गाईला गिळवायचं. ते पोटात तळाशी बसतं आणि येईल ते लोखंड धरून ठेवतं. हा शोध काही त्यांचा नव्हे, पण गोठ्यागोठ्यात तो त्यांनी नेला. मालक नको म्हणाला तर हा भित्रा माणूस त्याच्या दारात बसून राहायचा. कुठल्या गाईला चुंबक दिलंय हे ओळखायला ते होकायंत्र घेऊन फिरतात. गाईच्या छातीशी धरलं की सुई हलते. काळेवाडीत एकदा त्यांना असं होकायंत्र बघत येताना पाहून एका दुकानदाराने खुर्ची पुढे केली आणि अदबीने विचारलं, “गल्ला कुठल्या तोंडाला ठेवू, गुरुजी?” नाही म्हणायची भीती वाटली म्हणून साडूंनी तो पूर्वेकडे फिरवून दिला. त्या महिन्यात नेमका धंदा वाढला. दुकानदार अजून त्यांना वाकून नमस्कार करतो आणि तो लांबून दिसला की साडू गल्ली बदलतात.

जगभरातल्या जनावरांच्या डॉक्टरांमधून एकाचा दरवर्षी मोठा सन्मान करणारी एक परदेशी संस्था आहे. साडूंच्या एका जुन्या विद्यार्थिनीने परस्पर त्यांचं नाव तिकडे पाठवलं आणि संस्थेचं मेल आलं. साडूंचा मला घाबराघुबरा फोन. “साडूभाऊ, फसवणुकीचा प्रकार दिसतोय. परदेशातून कुणीतरी मला थोर म्हणतंय.” मी काही बोलायच्या आत त्यांनी तो पत्ता ब्लॉक करून टाकला होता. शेवटी ती विद्यार्थिनी रडकुंडीला येऊन दिघीला आली, तेव्हा कुठे विश्वास बसला. संस्थेच्या एक बाई कॅमेरावाला घेऊन प्रत्यक्ष काम बघायला येणार होत्या. साडूंची झोप उडाली. मेव्हणीने नवा शर्ट आणला, तो आधी गळ्याशी आवळतोय म्हणाले, मग काखेत.

आणि त्या बाई आल्या त्याच दिवशी सकाळी सुलाबाईंचा निरोप आला, की चंद्री चार दिवस झाले खात नाही. सुलाबाई काळेवाडीत दुधाचा रतीब घालायच्या. बीडकडून नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आल्या, नवरा गेला, मूलबाळ नाही. चंद्री ही त्यांच्या माहेरच्या गाईची कालवड. तिच्याशी त्या माहेरच्या गोष्टी बोलायच्या, कारण ऐकणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिला चुंबक साडूंनीच दिलं होतं आणि “आता काळजी सोडा” असंही सांगून टाकलं होतं. आम्ही सगळे त्यांच्या गोठ्याच्या शेडमध्ये पोचलो. होकायंत्राची सुई हलली, म्हणजे चुंबक जागेवर होतं. पण चंद्री पाठ वाकवून कण्हत होती.

पोट उघडायचं ठरलं. गाय उभीच असते. कूस बधिर करून चिरायची आणि खांद्यापर्यंत हात आत घालायचा. सुलाबाईंनी तिचं तोंड छातीशी धरलं होतं. “चंद्रे, उभी ऱ्हा माय, उभी ऱ्हा.” साडूंचं पुटपुटणं चालू होतं. जरा वेळाने त्यांनी चुंबक बाहेर काढलं. त्याला खिळे, तारांचे तुकडे, अर्धी कानस असं काय काय चिकटलेलं. परदेशी बाईंनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरावाला खूश. मीही सुटलो म्हणून श्वास टाकला.

साडूंनी मात्र पुन्हा हात आत घातला. त्यांचं पुटपुटणं थांबलं होतं, आणि ते थांबलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. चंद्रीच्या अंगावर शहारा आला, तिचे पुढचे गुडघे वाकायला लागले, सुलाबाईंचा आवाज फुटला. आता गाय आडवी होणार असं वाटत असतानाच साडूंनी हात सावकाश बाहेर काढला. चिमटीत लांबलचक तांब्याची तार होती. ती त्यांनी चुंबकाला लावली. ती चिकटली नाही, खाली पडली. त्यांनी उचलून पुन्हा लावली, पुन्हा पडली.

मग हा माणूस त्या बाईंपुढे जाऊन उभा राहिला. “मॅडम, कॉपर. नो मॅग्नेट.” दुभाषी म्हणून आलेली विद्यार्थिनी हळूच म्हणाली, “सर, हे आत्ता कशाला?” साडू म्हणाले, “आत्ताच सांग त्यांना. मी गावभर सांगत सुटलोय, चुंबक दिलंय, आता भिऊ नका. नंतर मला धीर व्हायचा नाही.” तिने सांगितलं. बाईंनी ती तार हातात घेतली आणि कॅमेऱ्यासमोर धरली.

दुपार कलली तशी चंद्रीने मान वळवली आणि सुलाबाईंच्या हातातला हिरवा घास ओढून घेतला, मग आणखी एक. कॅमेऱ्याने तेवढं टिपलं आणि पाहुणे विमानतळाकडे निघाले.

तार काळजाभोवतीच्या पिशवीपर्यंत गेली होती. आत पू झाला आणि त्याच आठवड्यात चंद्री गेली. साडू शेवटपर्यंत शेडमध्येच होते. सुलाबाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “डाक्टर, तुमी तर म्हनला व्हता, काळजी सोडा.” त्यानंतर साडू चुंबक दिलेल्या एकेका गाईच्या मालकाकडे जाऊन तांब्याचं सांगून आले. शिव्या खाल्ल्या. एक घर मात्र, सुलाबाईंचं, त्यांना गाठवेना. काळेवाडीचं नाव काढलं की जेवता जेवता त्यांचा हात थांबायचा.

गाय गेल्याचं त्यांनी संस्थेला कळवलं होतं. तरी सन्मान त्यांनाच जाहीर झाला. विमानाच्या भीतीने ते तिकडे गेले नाहीत, म्हणून इथल्या डॉक्टर मंडळींनी चिंचवडला हॉल घेऊन सत्कार ठेवला. मी त्यांना आधार म्हणून स्टेजवर शेजारी बसलो होतो. त्या दिवसाची फिल्म दाखवायला दिवे मालवले तसा त्यांनी माझा हात गच्च धरला. पहिल्या रांगेत सुलाबाई होत्या. मेव्हणीने साडूंना न विचारता बोलावलं होतं. “ती फिल्म लावू नका म्हणावं,” साडू कुजबुजले. “साडूभाऊ, काहीतरी करा. त्यांना बघवणार नाही.” पण पडद्यावर शेड दिसायला लागलं होतं.

चंद्री दिसली. चुंबक दिसलं, तार दिसली. शेवटी तिने मान वळवली, घास घेतला, आणि फिल्म संपली. हॉलभर टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्यावर सुलाबाई उभ्या राहिल्या.

“वो सायेब, ती खाती तेवढं पुन्यांदा दावा की.”

निवेदक गडबडला. “आजी, पुढे पाहुण्यांची भाषणं आहेत, नंतर बघू.” साडूंनी माझा हात सोडला. ते गळ्यातल्या हारासकट स्टेजवरून उतरले, कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाशी काहीतरी बोलले आणि येऊन सुलाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. पुन्हा अंधार झाला. चंद्रीने पुन्हा मान वळवली, पुन्हा घास ओढला.

“भूक लागली व्हती वो तिला,” सुलाबाई पडद्याकडे बघतच म्हणाल्या.

“हो,” साडू म्हणाले, “बऱ्याच दिवसांची.”