धुराच्या नळीतलं रॉकेल

गोंदियाजवळच्या दवनीवाड्याच्या पंपवाल्या काकूंनी मला सांभाळून घेतलं, हे आधी लिहितो. नाहीतर आठवीतच शाळा सुटलेल्या, मिरजेहून एवढ्या लांब आलेल्या माझ्यासारख्याची प्रयोगशाळेतली नोकरी पहिल्याच उन्हाळ्यात गेली असती.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम डिझेल इंजिनाच्या धुरात कोणकोणती हायड्रोकार्बन असतात ते तपासत होत्या. काकूंच्या उन्हाळी धानाला पाणी देणाऱ्या इंजिनाचा धूर मी स्टीलच्या बोटभर नळ्यांत ओढून घ्यायचो, दोन्ही तोंडांना टोपणं लावायचो आणि नळ्या नागपूरला न्यायचो. तिथलं मास स्पेक्ट्रोमीटर धुरातल्या रेणूंचे तुकडे करतं आणि तुकड्यांच्या वजनावरून पदार्थ ओळखू येतो. त्या यंत्रापासून काही लपत नाही, असं मॅडम म्हणायच्या. मला त्याची भीतीच वाटायची.

एक दिवस मॅडम स्वतः बांधावर आल्या. यंत्राने काढलेल्या आलेखात रॉकेल दिसत होतं. डिझेलमध्ये रॉकेल मिसळता का, असं त्यांनी काकूंना विचारलं.

"नाही जी मॅडम. आमचं इंजिन निव्वळ डिझेल पिते," काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

रॉकेल कुठून आलं ते माझ्या लगेच लक्षात आलं. मी आधी गॅरेजात होतो. तिथे पार्ट साफ करायचा तो रॉकेलनेच. टोपणांना चिखल लागला की काकूंच्याच इंजिनघरातल्या रॉकेलच्या फडक्याने मी ती आतून-बाहेरून पुसायचो, चांगली चकचकीत करून. काकूंनी ते कितीदा तरी पाहिलं होतं.

मॅडम वहीत लिहू लागल्या. रॉकेलची भेसळ काकूंच्या नावावर जाणार होती. प्यायला पाणी द्यायच्या निमित्ताने काकू माझ्याजवळ आल्या. "काऊन चूप बसून राहिलास रे बाबू? मी सांगतलं त चुगली होते. तूच सांग. खाऊन नाही टाकत मॅडम तुले."

मी सांगितलं. मॅडमनी वही मिटली आणि जिच्यात धूर ओढलाच नव्हता, ती तुलनेसाठी ठेवलेली कोरी नळी मागितली. हिचीही टोपणं पुसलीस का, म्हणाल्या. सगळ्यात जास्त हिचीच पुसली होती. मॅडमना हसू आलं.

नागपुरात त्या कोऱ्या नळीतही रॉकेल निघालं. मग नव्या नळ्या, कोरडं फडकं. रॉकेल गेलं. मॅडमनी मला यंत्रासमोर बसवून आलेख दाखवला, आणि मी त्या कामावर पुढे कितीतरी वर्षं टिकलो.

काकूंना सांगायला गेलो तर त्या धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या तयारीत होत्या. "आमच्या धुराचं वजन निघालं का मंग?" एवढंच विचारलं.

निघालं, काकू. एक दिवस तुम्हाला गोंदियाहून गाडीत बसवून नागपूरला नेईन, त्या यंत्रासमोरच्या माझ्या खुर्चीवर बसवीन आणि तुमचं इंजिन काय पितं ते तुमच्या डोळ्यांनी दाखवीन.