झोंबी चावाले आला तं काय घालायचं?

मंडळी, दुपारपासून डोकं चालून नाही राह्यलं.

कामरगावात झोंबी येतात अशी कथा लिहून राह्यलो. हिरो काय घालीन, हे कळेना म्हणून स्वतःच घालून पाह्यलं. जुन्या जॅकेटच्या बाह्यांवर ठिबकची नळी चिरून बांधली आन् बहिणीले म्हटलं, "चाव."

दात लागले नाहीत. पण विहिरीपर्यंत पळालो तं उन्हानं चक्कर आली.

मंग आई वावरात साडीवरून घालते तो बाबाचा फुल शर्ट घातला. मस्त पळता आलं. चावा मात्र थेट कातडीत.

दंड चोळत इचारलं, "आता कोणता घालू?"

बहीण म्हणे, "दादा, मले कोणता ठेवला?"

घरात माणसं चार, कपडे दोन, तेबी अर्धवट. कथा तिथंच अडकली. तुमी कोणाले घालायले दिले असते?